रिकाम्या खोलीची शांतता

स्टुडिओत चुकून भलतंच दार उघडलं. समोर एक तरुण दोन्ही हातांनी कोबीचा गड्डा पिळत होता. कडाकड हाडं मोडल्यासारखा आवाज आला आणि मी किंचाळले.

"वा," तो कानावरचे हेडफोन सरकवत म्हणाला. "पुन्हा एकदा ओरडाल? अगदी असंच?"

मी आले होते शेजारच्या खोलीत, साबणाच्या जाहिरातीला आवाज द्यायला. अडकले मात्र इथे, एका भयंकर व्हिडिओ गेममध्ये भुतांपासून जीव वाचवत पळणाऱ्या मुलीचा आवाज म्हणून. तो ध्वनिमुद्रक. ओलं फडकं फरशीवर आपटलं की त्याचं भूत चालायला लागायचं. मी त्याला भुतोबा म्हणायचे, तो मला किंकाळीबाई.

"कपाटात लपलीयेस. बाहेर भूत आहे. श्वास घे," तो काचेपलीकडून सांगायचा… आणि त्याचा आवाज कानात शिरला की मी घाबरायचं सोडून लाजायचे.

"किंकाळीबाई, भूत आलंय. नवरदेव नाही."

रोज काम संपलं की रिकाम्या खोलीची मिनिटभर शांतता मुद्रित करायची पद्धत होती, संवादांखाली पसरायला. कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. बघायला मात्र बंदी नव्हती. मिनिट संपलं की तो मान हलवायचा. "खुर्ची वाजली. परत घेऊ."

माझी खुर्ची कधीच वाजली नव्हती.

शेवटच्या दिवशी गेमच्या दिग्दर्शिका बाई हसल्या. "अरे, एका खोलीला एक शांतता पुरते. तू तर ढीग लावलायस!"

तो कानापर्यंत लाल झाला. उद्या तो दूरच्या शहरात नव्या नोकरीवर निघणार होता, आणि आम्ही दोघंही मिठाची गुळणी धरून बसलो होतो.

बाई गेल्या. "एक राहिलीये," तो म्हणाला. "शेवटची."

लाल दिवा लागला. तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. मिनिट सरत आलं तसा मला त्याचा इतका राग आला, स्वतःचाही, की मी भर शांततेत तोंड उघडलं.

"मला तू आवडतोस. जाऊ नकोस."

काचेपलीकडे त्याने बोलायचं बटण दाबलं.

"जावं तर लागेल गं," त्याचा आवाज कानात आला, जरा कापरा. "शब्द दिलाय मी तिकडे… थांबशील माझ्यासाठी?"

"थांबणं मला जमत नाही. पत्ता दे, रविवारी मीच येते."

तो उठला, आणि मुद्रण चालू असताना कुणीच उघडत नाही ते दार उघडून आत आला.