मामांनी ओळखलेला मेंदू

स्कॅनच्या मशीनमध्ये झोपलेल्या माणसाने हातातला रबरी फुगा दाबला, की टेक्निशियनने सगळं थांबवून धावायचं, असा नियम. बुक-बाइंडरने तो अकराव्या मिनिटाला दाबला. टेक्निशियन धावली.

“काय होतंय? गुदमरतंय का?”

“नाही... कानात ‘छान, अजून पाचच मिनिटं’ म्हणणारा आवाज खरा आहे ना? मला स्किझोफ्रेनिया आहे, विचारून घेतलेलं बरं.”

“खरा आहे. माझाच. पगारी आहे.”

“मग हरकत नाही,” तो म्हणाला आणि डोळे मिटून हसला. स्कॅन पहिल्यापासून करावा लागला. तिला राग यायला हवा होता... आला नाही.

फाटकी पुस्तकं बांधायचं त्याचं दुकान होतं. स्किझोफ्रेनिया असलेल्या आणि नसलेल्या माणसांची जनुकं आणि मेंदूची ठेवण ताडून बघणाऱ्या एका अभ्यासात तो आला होता. नसलेली माणसं कमी पडली, म्हणून टेक्निशियननेही स्वतःचं रक्त आणि डोकं देऊन टाकलं होतं. अभ्यासातलं त्याचं काम संपलं, आणि दुसऱ्याच दिवशी ती एक धडधाकट शब्दकोश घेऊन दुकानात हजर.

“याला काय झालंय?” त्याने उलटसुलट करून बघितलं.

“काही नाही. फाडू का?”

चार महिन्यांत तिने घरातलं प्रत्येक पुस्तक बांधून घेतलं, टेलिफोन डिरेक्टरीसकट. खळीने चिकट झालेली त्याची बोटं तिच्या बोटांना लागायची, आणि सुटायला जरा जास्तच वेळ घ्यायची...

मग मामांना त्याचं आणि त्याच्या आजाराचं कळलं. आईवडिलांच्या मागे तिला वाढवणारे मामा लाकडाचे व्यापारी. फळी टकटक वाजवून आतली कीड ओळखायचे.

“रक्तातच असतं ते, पोरी.”

“रक्तात शेकडो बारीकसारीक फरक असतात, मामा. एकेक फरक आजाराकडे किंचित ढकलतो. त्यातले काही तुमच्यातही असतील. आजार असलेल्या खूप मेंदूंची सरासरी काढली, तर वरचा थर जरासा पातळ, मधली पोकळी जराशी मोठी दिसते. पण एकट्यादुकट्याचं चित्र बघून कोणालाच सांगता येत नाही.”

“मला येतं.”

रविवारी तिने बाइंडरला घरी आणलं आणि टेबलावर दोन मेंदूंची चित्रं ठेवली. एक त्याचं, त्याला विचारून. दुसरं कोणाचं, ते सांगितलं नाही. मामांनी चष्मा पुसला. सवयीने टेबल एकदा वाजवून बघितलं.

“हा!” त्यांनी बोट ठेवलं. “मध्ये पोकळ आहे बघ. असल्या फळीचं मी कपाटसुद्धा केलं नसतं.”

“तो माझा आहे.”

मामांनी चित्र उजेडाकडे धरलं, उलटं करून बघितलं. “प्रिंट खराब आहे,” शेवटी म्हणाले.

ती जिंकली होती. पण बाइंडरच उठून उभा राहिला.

“मामा, चित्रात दिसत नसलं तरी मला आजार आहे. सहा वर्षांपूर्वी मी तीन आठवडे भिंतीशी वाद घालत होतो. आणि हरलो. आता हसतो, पण तेव्हा... फार वाईट दिवस होते. रोज गोळ्या घेतो. तरी परत होऊ शकतं. हिने आत्ता नाही म्हटलं, तरी मी समजून घेईन.” आणि तो चपला शोधायला लागला.

ती दारात आडवी उभी राहिली.

“परत झालं तर डॉक्टरांकडे जाऊ. मुलांना धोका जास्त, तेही मला माहीत आहे. पण ठरलेलं काहीच नसतं. आणि मामा, गॅरंटी फ्रिजला मिळते, तीसुद्धा मोटरचीच! तुम्ही लग्नाला येणार का, तेवढं सांगा. खुर्च्या मांडायच्यात.”

“हात असलेली ठेव,” मामा पुटपुटले. “गुडघे गेलेत माझे.”

“कोणाचं लग्न?” बाइंडरने विचारलं.

“आपलं.” आणि मग तिच्या लक्षात आलं. कानापर्यंत लाली चढली. “तुला विचारायचं... राहिलंच. करशील?”

“हो.”

“अरे, जरा विचार तरी कर!”

“नको. विचार करायला लागलो, की मेंदू मध्ये येतो.”