दोनदा बसवलेलं वावर

भर दुपारी कपडे धुवायला बोअरच्या हौदावर गेले, तर तिथं एक मुलगा मेंढीला इंग्रजी शिकवत होता.

म्हणजे मला तरी तसंच वाटलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मोबाईल आणि समोर पाणी पिणारी मेंढी. तिच्याकडे बघत तो म्हणत होता, "आय ॲम स्टिल हियर... आय ॲम नॉट रेडी येट..." मेंढीनं मान वर केली, त्याच्याकडे जरा पाहिलं आणि पुन्हा हौदात तोंड घातलं. मी हसू दाबायला गेले आणि हातातली बादलीच सुटली.

तो दचकून वळला. उन्हानं रापलेला चेहराही लाजला की कळतो, हे मला त्या दिवशी समजलं.

"तुमी... राधाकिशन आण्णांच्या ऋतुजा म्याडम ना? इंग्रजी शिकलेल्या?"

अख्खं युसूफ वडगाव मला ताई म्हणतं. माझ्याहून मोठे बाप्येसुद्धा. हा ताई म्हणाला नाही, हे मी लगेच टिपलं.

"हो. आणि तुम्ही?"

"माऊली. नांदूरघाटाकडचा. तुमच्या वावरात बसवलेली मेंढरं आमचीच हायेत."

उन्हाळ्यात वावर मोकळं झालं की आण्णा, म्हणजे माझे वडील, दरसाल मेंढरं बसवतात. संध्याकाळी वावराच्या एका तुकड्याला जाळी लावायची आणि मेंढरं आत कोंडायची. रातभरात तिथं लेंडीखत पडतं. दुसऱ्या दिवशी जाळी पुढच्या तुकड्यावर सरकवायची. असं सगळं वावर संपलं की मेंढरं पुढच्या गावाला जातात. यंदा माऊलीच्या वडलांचा गुडघा दुखत होता, म्हणून आई सुंदरबाईबरोबर तो आला होता. मेंढरामागं फिरता फिरता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता.

"एक इचारू का म्याडम? स्टिल म्हंजी अजून. येट म्हंजी बी अजूनच. मग दोन-दोन कावून ठिवलेत?"

मी हौदाच्या कठड्यावर बसले. कुणीतरी काहीतरी विचारलं, याला किती दिवस झाले होते!

"जे होतं ते सरलं नाही, तिथं स्टिल. जे व्हायचं ते झालं नाही, तिथं येट."

त्यानं काठीवर हनुवटी टेकली. "म्हंजी मी अजून मेंढरामागं हाय, हे स्टिल."

"हो."

"आन अजून माझी परीक्षा झाली न्हाई, हे येट."

"बरोबर."

"मग येटमधी वाट बघणं आलं की!"

असं कुठल्या व्याकरणात लिहिलेलं नाही, पण मला ते एकदम पटलं.

आई गेल्यावर अंबाजोगाईची खोली सोडून मी घरी आले, ती आण्णांसाठी. आण्णा मुळातच कमी बोलणारे, आई गेल्यावर तर विचारूच नका. सकाळी दोन कप चहा, संध्याकाळी दोन कप चहा, मधे भिंतीवरचं घड्याळ. मैत्रिणी लग्न होऊन पांगल्या. गावातल्या बायका भेटल्या की विचारायच्या, "अजून हितंच का गं?" आणि लगेच, "अजून लगीन न्हाई?" पहिलं स्टिल, दुसरं येट. दोन्हीला मी नुसती हसायचे आणि घरी येऊन उगाच पोळपाट घासत बसायचे. एकटेपणा काय असतो, ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्या उन्हाळ्यात मात्र आमच्या घरात जितके कपडे धुतले गेले, तितके लग्नसराईतही कुणी धूत नसेल. स्वच्छ चादरी धुतल्या. आण्णांचं धुतलेलं धोतर वाळायच्या आत पुन्हा धुतलं. हौदाजवळच्या कडुलिंबाखाली भाकऱ्या थापणारी सुंदरबाई एकदा म्हणाली, "पोरी, कापडं झिजतील गं." मी खाली मान घालून आणखी जोरात घासलं.

माऊली वाक्यं आणायचा, मी दुरुस्त करायचे. कधी मुद्दाम चुकवून आणायचा, हे मला कळायचं... आणि मला कळतंय हे त्यालाही कळायचं.

"हे तर काल बरोबर केलं होतं तुम्ही."

"काल तुमी लौकर गेल्त्या."

"म्हणून आज चुकलं?"

"म्हणून आज चुकलं."

गच्चीवरून वावर दिसायचं. जाळी हौदाच्या बाजूला सरकत होती आणि कोरा तुकडा कमी कमी होत होता. एवढ्यात मामानं पुण्याचं स्थळ आणलं. मुलगा इंजिनिअर, माणसं चांगली, पोळ्यापर्यंत सांगा म्हणाले. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. कारण असलं, तर ते हौदावर उभं होतं आणि काही बोलत नव्हतं.

शेवटच्या दुपारी तो म्हणाला, "उद्या निघायचं. एक वाक्य हाय मनात... त्याला स्टिल लागतंय का येट, कळंना झालंय."

"सांगा ना. मी बघते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातलं ओलं धोतर तसंच राहिलं. तेवढ्यात सुंदरबाईनं हाक मारली.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "नीट बनंना."

दुसऱ्या दिवशी वावरात फक्त खुंट्यांची भोकं होती. मी हौदावर बसून रडले. थोडं नाही, चांगलं पोटभर रडले. त्याचा नंबर माझ्याकडे होता, माझा त्याच्याकडे. पण फोन आधी त्यानं करावा, असं मला वाटत होतं. त्याला काय वाटत होतं, देव जाणे.

पेरणी झाली, बाजरी कमरेला आली. पोळा जवळ आला. मी मामाला हो म्हणायचं जवळजवळ ठरवलं होतं, तेव्हा एका सकाळी आण्णांनी बांधावरून हाक मारली. "ऋतू, हिकडं ये. हे बघ."

वावरात पट्टे पडले होते. पलीकडून अर्ध्यापर्यंत बाजरी एकसारखी. तिथून पुढं मात्र एक पट्टा काळाभोर, माजलेला, मग एक साधा, मग पुन्हा काळाभोर. हौदाजवळचा कोपरा तर सगळाच माजून आडवा पडलेला.

"एकाच जाग्यावर दोनदा बसवलीत मेंढरं," आण्णा चिडून म्हणाले. "रोज जाळी थोडी मागंच ठिवलीय. जास्त खत झालं, बाजरी लोळली. इतक्या सालात सुंदरबाईकडून आसं झालं न्हाई. त्या पोरानं कावून केलं आसंल?"

जाळी पुरती सरकवली असती, तर मेंढरं केव्हाच गेली असती. तो रोज थोडा थोडा मागं राहत होता... माझ्यासाठी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग हौदाकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"माझं धोतर येवढं कावून इटलं, ते आत्ता कळलं," ते म्हणाले.

मी पदर नसताना पदर शोधायला लागले.

आण्णा बांधावर बसले. "धनगराचं पोरगं हाय ते, ऋतू."

"हो."

"लोक बोलतील."

"आत्ता काय गप्प आहेत, आण्णा?"

ते घसा खाकरून म्हणाले, "मामाला न्हाई म्हणून कळवतो. आन त्याला फोन लाव. माझ्या बाजरीची वाट लावलीय, जाब द्यायला ये म्हणावं."

मी लिंबाखाली जाऊन फोन लावला. पलीकडे मेंढरांचा आवाज, वारा, आणि मग, "म्याडम?"

"बाजरी लोळली."

"...दिसलं व्हय?"

"हौदाजवळ जास्त दिसलं. आण्णांनी जाब द्यायला बोलावलंय."

"येतो. आज... आत्ताच निघतो."

"आणि ते वाक्य? बनलं का?"

"बनलं. पर त्यात स्टिल बी बसंना आन येट बी बसंना. नुसतंच हाय."

"मग नुसतंच सांगा."

"तुमी मला आवडता. लई."

एवढं इंग्रजी शिकलेली मी, आणि माझं वाक्य अर्धंच बनलं. "मलाही... तू," एवढंच म्हणाले. पलीकडे एक मेंढी ओरडली आणि आम्ही दोघं हसलो.

बांधावरून आण्णा ओरडले, "येतो म्हनला का न्हाई?"

"येतोय, आण्णा!"

मी धावत घरात गेले, चहाचं आधण ठेवलं आणि तीन कप काढले. मग लक्षात आलं, नांदूरघाटाहून यायला त्याला अजून वेळ आहे. तिसरा कप मी परत फळीवर ठेवला नाही.