फळ्यांची जमीन

भाड्यानं घर बघताना लोक नळ सोडून बघतात, खिडक्या उघडतात, पार्किंगचं विचारतात. मनकर्णाबाई चप्पल काढून खोलीच्या मधोमध उभ्या राहायच्या, टाच दोनदा आपटायच्या आणि मान हलवायच्या. नाही. एजंट सुनीलनं त्यांना सावेडीतले कितीतरी फ्लॅट दाखवले. एका ठिकाणी तर फरशीवर हुबेहूब लाकडाचा छाप होता. त्याला वाटलं, जमलं एकदाचं! बाईंनी टाच आपटली आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं मुकाट्यानं कुलूप लावलं.

बाईंना ऐकू येत नव्हतं. लहानपणी तापात कान गेले, बोलणं तेवढं राहिलं. समोरच्याचे ओठ त्या वाचायच्या. पाठीमागचं जग मात्र त्यांना तळपायांतून कळायचं. माळीवाड्यातल्या त्यांच्या माडीला फळ्यांची जमीन होती. जिन्यात मांजर आलंय का शेजारचं पोर, हे मान वर न करता समजायचं. नवरा बिभीषण एका पायानं अधू होता. तो कामावरून आला, की दारातच टाच दोनदा ठोकायचा. म्हणजे, आलो गं. शिलाई मशीन थांबवून बाईही दोनदा ठोकायच्या. सगळा संसार त्यांनी असा टाचांवर निभावला.

मग बिभीषण गेला. मागोमाग रस्तारुंदीत माडी गेली, आणि भाची रुपाली त्यांना आपल्या फ्लॅटवर घेऊन आली. रुपाली जिवाला जीव देणारी पोरगी, पण फरशी मुकी. तिथं माणसं येत नसत, एकदम मागे उगवत. बाई दिवसभर दचकायच्या, आणि उरलेला वेळ वाट बघायच्या. कुणाची, ते सांगायला नको.

शेवटी सुनील त्यांना आणि रुपालीला भिंगारला घेऊन गेला. खाली एक बंद गोदाम, वर लांबट खोली, जुन्या सागवानी फळ्यांची. बाईंनी टाच आपटली. दोन्ही ठोके पार भिंतीपर्यंत थरथरत गेले. बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

सुनील रुपालीला बाजूला घेऊन हळूच काही सांगत होता. त्याचे ओठ बाईंच्या समोरच आहेत, हे काही त्याच्या लक्षात आलं नाही.

“ताई, खरं सांगतो, हितं भाडेकरू टिकत न्हाई. कसले तरी आवाज येतात म्हणत्यात. पण मावशींना काय त्याचं? त्यांच्यासाठीच हाय ही खोली!”

बहिऱ्याला भूत काय करणार, असा त्याचा सरळ हिशेब. रुपालीलाही तो पटला. बाई नुसत्या हसल्या.

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. रस्त्यावरून ट्रक गेला की फळ्या गुरगुरायच्या, खालून जुन्या पोत्यांचा आणि गुळाचा कोंदट वास यायचा, बाई मशीन चालवत बसायच्या. एके दुपारी आभाळ भरून आलं, लाइट गेली. बॉबिनमधला दोरा संपला म्हणून बाईंनी पाय थांबवले... तर फळ्या थांबल्या नाहीत.

पावलं होती ती. मागच्या भिंतीकडून येत होती. त्या भिंतीला दार नव्हतं. सावकाश येऊन ती बाईंच्या पाठीशी थांबली. मग टाचेचे दोन ठोके.

हा बिभीषण नव्हे, हे त्यांना पहिल्या पावलालाच कळलं होतं. त्याचा डावा पाय ओढत यायचा. ही दोन्ही पावलं सारखी पडत होती. दोन ठोक्यांची खूण आपणच पहिल्या दिवशी या फळ्यांना दिली, कुणीतरी ती शिकून घेतली... हेही कळलं. उठून जिना उतरायला हवा होता. पण जायचं कुठं? त्या मुक्या फरशीवर? बाईंनी मागे न बघता टाच उचलली आणि दोनदा ठोकली. एकटेपणा माणसाला काय काय गोड मानून घ्यायला लावतो!

त्या दिवसापासून रोज कुणीतरी येऊ लागलं. बाई दोन कप चहा टाकू लागल्या. “आलात?” असं आपल्या घोगऱ्या आवाजात विचारू लागल्या.

एका दुपारी रुपाली डबा घेऊन आली. दोघी समोरासमोर बसल्या होत्या, आणि फळ्या हलल्या. बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. रुपालीच्या हातातला घास हातातच राहिला. ती बाईंच्या खांद्यामागे बघत होती.

“मावशी... कोण बोलतंय हे?”

“बोलतंय?” बाई चरकल्या. म्हणजे इतके दिवस आपल्या पाठीशी उभं राहून ते बोलत होतं. “काय म्हणतंय गं?”

रुपालीनं सांगायला तोंड उघडलं, आणि ओठ दिसू नयेत अशी एकदम मान फिरवली. जन्मात कधी ती बाईंशी तोंड फिरवून बोलली नव्हती. मग ती उठली, बाईंचा हात धरून ओढू लागली. “चल... मावशी, आत्ताच्या आत्ता चल.”

बाईंनी हात सोडवून घेतला.

रुपाली धावत जिना उतरली. तिची पावलं बाईंना तळव्यांत कळत होती. आणि तिच्या मागून दुसरी, बिनघाईची, सारखी पडणारी.

बाई खिडकीशी गेल्या. खाली रुपाली स्कूटीजवळ उभी होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आता ती घाबरलेलीही दिसत नव्हती. मान किंचित कलती करून ऐकत होती. मग तिचे ओठ हलले, आणि बाईंनी ते स्वच्छ वाचले. “हो... बरं.” ती स्कूटीवर बसली, जरा पुढे सरकून, मागे कुणाला तरी जागा करून देतात तशी.

“रुपाली!” बाई जिवाच्या आकांतानं ओरडल्या. आवाज फुटला की नाही, त्यांना कळलं नाही. स्कूटी वळणावरून दिसेनाशी झाली.

रुपालीसाठी भीती त्यांना वाटली, पण ती नंतर. आधी वाटला तो हेवा.

बाई खोलीच्या मधोमध आल्या. टाच दोनदा ठोकली. फळ्या फरशीसारख्या गप्प होत्या. त्यांनी पुन्हा ठोकली, आणि वाट बघत उभ्या राहिल्या.