तीस मोजेपर्यंत

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण श्रुतिका माझी सख्खी आतेबहीण आहे, आणि तिनं हे मला रडत नाही, अगदी थंडपणे सांगितलं.

गेल्या एप्रिलची गोष्ट. बालाघाटातलं एक खासगी नर्सिंग होम. भर दुपारचे दोन.

श्रुतिका तिथं नर्स होती.

खाटेवर किरनापूरकडचे महागू. लकवा मारलेला. बोलणं गेलेलं, गिळणंही. कफ घशात साचायचा आणि गळा घरघरायचा. मग श्रुतिकानं मशीन लावून नळीनं तो ओढून काढायचा.

काम तिच्या हातातलं होतं. उशाकडून खाट उचलायची. नळी आत जाताना ओढ बंद. बाहेर काढतानाच नळीच्या बाजूच्या भोकावर अंगठा दाबायचा, की ओढ सुरू. फार तर दहा-पंधरा सेकंद. मग माणसाला श्वास घेऊ द्यायचा.

त्या दुपारी तासाभरात पाचव्यांदा बोलावणं आलं. जेवणाचा डबा तसाच पडलेला. नळी आत गेली आणि महागूंनी ती दातांत धरली.

श्रुतिकाचं डोकं फिरलं.

तिनं अंगठा दाबला... आणि काढलाच नाही.

वीस...

पंचवीस...

महागूंचे डोळे तिच्यावर खिळलेले. त्यांची बायको, रुख्माबाई, पायथ्याशी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "तोंड काळंनिळं पडून राह्यलं ह्यायचं. काढा न आता, बाई."

"मले शिकवू नका," श्रुतिका म्हणाली.

तीसला तिनं नळी काढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे महागू गेले. डॉक्टरांनी वयाचं कारण दिलं. रुख्माबाई तर जाताना श्रुतिकाच्या पाया पडल्या. तिनं लय सेवा केली म्हणाल्या. तिचा नंबरही मागून नेला.

चौथ्या दिवशी दुपारी श्रुतिका त्याच वॉर्डात एकटी होती.

आणि गळा घरघरला...

खाट रिकामी होती. चादर ताणलेली, सुरकुती नाही.

घरघर वाढत गेली. कोणीतरी गुदमरत होतं.

तिचे हात आपोआप चालले. तिनं मशीन सुरू केलं. नळी उशीच्या वर, नुसत्या हवेत धरली. अंगठा दाबला.

घरघर थांबली.

मशीनच्या बरणीत मात्र कफ उतरत होता... घट्ट... लालसर...

तिनं तिथंच काम सोडलं. घरी आली, दार लावून बसली.

दहाव्या दिवशी दुपारी रुख्माबाईंचा फोन आला.

"कावळा शिवला नाही, बाई," त्या म्हणाल्या. "लय वेळ हात जोडून बसलो आमी नदीवर. ह्यायचं काय अडकलं आहे? तुमाले काही इशारा केलता का?"

"नाही," श्रुतिका म्हणाली.



मग रुख्माबाईंनी विचारलं, "तुमच्यापाशी कोण आहे, बाई? कोणाचा तं गळा घरघरून राह्यला. काढून द्या न बिचाऱ्याचं."

श्रुतिका घरात एकटी होती. तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

रुख्माबाईंना खरं काय ते अजून कोणी सांगितलेलं नाही. परवा मी म्हणालो, तुला जमत नसेल तर मी सांगतो.

ती माझ्या खांद्यावरून मागं बघत राहिली.

मागं नुसती भिंत होती... पण मला वळून बघायची हिंमत झाली ती बऱ्याच वेळानं.