पितळेवरची बोटं

ठण्...

भर दुपारी, सगळं चिडीचूप असताना स्टीलच्या ताटलीत काहीतरी हललं.

मंजुश्रीनं मान उचलून बघितलं. लेक पिंकी तिच्या कुशीत गाढ झोपलेली. नवरा, बालाजी, बाजारात गेलेला.

घरात तिसरं कुणीच नव्हतं...

बिदरच्या नौबादमधली, माझ्या मावसबहिणीच्या, मंजूच्या घरची ही गोष्ट. परवाच्या उन्हाळ्यातली. कुणी हसेल, हसू दे. मंजू लेकराच्या बाबतीत खोटं बोलणार नाही, हे मला ठाऊक आहे.

बालाजी घरीच जुन्या कॅमेऱ्यांची कामं करतो. पोपडे आलेला काळा रंग औषध लावून उतरवायचा, खालचं पितळ पॉलिश पेपरनं घासून लख्ख करायचं, मग नवा रंग मारून तो भट्टीत भाजून पक्का करायचा. पथ्य एकच. उघड्या पितळेला बोट लावायचं नाही. घामाचा डाग पडतो, आणि तो काळा होत जातो.

त्या दिवशी ताटलीत एका बंद पडलेल्या स्टुडिओतल्या कॅमेऱ्याचं झाकण होतं.

संध्याकाळी बालाजी कडाडला, "मंजे! पोरीला हात कामून लावू दिलीस?"

झाकणावर बोटांचे ठसे होते.

बारीक बारीक...

"झोपली हुती की वो ती. माझ्यापाशी."

"मग काय तुझी आई संतपूरहून हात लांब केली व्हय?"

त्यानं पुन्हा घासलं. पुन्हा ठसे. मग तिसऱ्यांदा घासून झाकण डब्यात घातलं आणि डबा कपाटावर ठेवला.

सकाळी डबा उघडला... झाकणावर ठसे होतेच.

बालाजीनं पिंकीचा कान पिळला. "म्या न्हाई, पप्पा," म्हणत लेकरू हमसून हमसून रडलं. मंजूला संशय नवऱ्याचाच. काम बिघडलं की खापर दुसऱ्यावर फोडायची त्याची जुनी खोड. लेकरावरचा आळ पुसायचाच म्हणून तिनं पिंकीला संतपूरला आईकडं नेऊन सोडलं, आणि स्वतः एकटी परत आली.

आता बघू कुणाचं नाव घेतोय!

पण या खेपेला घासलेलं झाकण लख्ख राहिलं.

दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.

"काय मंजे? चोर गेला, चोरी बंद!" बालाजी हसला आणि निवांत रंग मारून मोकळा झाला.

मंजूची मान खाली गेली. एवढंसं लेकरू, आणि डोळ्यात बघून खोटं बोलतंय?

पोरीला समज द्यायची असं ठरवूनच ती संतपूरला गेली. दारातच तिची आई, सुशीलाबाई, सांगायला लागली, "पोरगी लई गुणाची गं. पण देवाच्या तांब्याला हात लावायचं सोडंना. चिंच लावून घासले की लगेच हे असं बघ."

मंजूनं तांब्या उजेडात धरला.

ठसे...

तिनं पिंकीचं बोट धरून एका ठशाशेजारी टेकवलं.

ठसा पिंकीच्या बोटाच्या निम्मा होता.

"आई... शेजारचं तान्हं लेकरू येतंय का गं घरात?"

"तान्हं? आपल्या गल्लीत कुणाच्या घरी तान्हं हाय गं आता?"

मंजूनं चहासुद्धा न घेता पिंकीला उचललं आणि बिदरची बस धरली. बसमध्ये ती पिंकीला सारखी छातीशी घेत होती. उगीच संशय घेतला गं बाई तुझ्यावर, असं मनात म्हणत होती.

पिंकी मात्र खिडकीपाशी बसेना. एरवी त्या जागेसाठी भांडणारी पोर मंजूच्या मांडीवर दाटीवाटीनं बसली. खिडकीची जागा तिनं मोकळीच सोडली...

कंडक्टर आला. कर्नाटकात बायकांना बस फुकट, म्हणून मंजूचं आधार कार्ड बघून त्यानं फुकटचं तिकीट फाडलं.

"एक अक्का. एक बारीक पोरगी, तिला तिकीट लागत न्हाई," म्हणत तो पुढं गेला.

हे सांगताना मंजू अजूनही इथं पदर घट्ट ओढून घेते.

पिंकीनं खिडकीच्या मोकळ्या जागेकडं बघितलं. मग आईच्या कानाला लागून हळूच विचारलं...

"मम्मी, कंडक्टर अण्णा मला एकटीलाच कामून मोजले?"