रघूच्या बिंदल्या

वीज एवढ्यात यायची नाही. कंदील जरा अलीकडे घ्या, तोवर सांगते.

नव्व्याण्णव साल असेल. माझ्या धाकट्या भावाचं, गुरूचं, लग्न ठरलं होतं. मुलगी चिपळूणची, नम्रता. साखरपुड्याची अंगठी घरच्या सोन्यातूनच करायची, असं आईच्या मनाने घेतलं. "दुकानातली कुणीही घालतं. आपल्या घरातलं काहीतरी तिच्या अंगावर राहू दे," ती म्हणाली. वावगं काही नव्हतं त्यात.

गुरू नोकरीला मुंबईत. गुहागरच्या घरात आई, मी आणि काशीआत्या. आत्या म्हणजे आमच्या वडिलांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. तिला एक मुलगा झाला होता, रघू. नुकता बसायला लागला होता, तेवढ्यात तापाने गेला. त्याच्या बिंदल्या, तान्ह्या मुलाच्या मनगटात घालतात ती सोन्याची कडी, तेवढ्या तिने जपून ठेवल्या होत्या. रघूचं नाव ती कधी काढत नसे. दुपारी माजघरात भिंतीला टेकून बसायची, उजव्या हाताचं एक बोट मांडीवर ताठ ठेवून. ते बोट वाताने आखडलंय, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आईने एका सकाळी विषय काढला. "वन्सं, त्या बिंदल्या पेटीत नुसत्या पडल्यात. त्यांची अंगठी केली तर सुनेच्या हातात राहील."

आत्या तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"मोडायच्याच का गो? तशाच दिल्यास तर?"

"तशा कोण घालणार आता?"

आत्याने सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "उद्या ने. आजचा दिवस राहू देत माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी आई आणि मी बाजारात सोनाराकडे गेलो. बिंदल्या एवढ्याशा, दोन्ही मिळून माझ्या तळहातावर मावत होत्या. सोनाराने त्या मुशीत टाकल्या, भट्टीचा भाता सुरू केला. सोनं लवलं, वितळलं. आणि दुकानात वास पसरला. वेखंडाचा, ओव्याचा. बाळाला न्हाऊमाखू घालून धुरी देतात ना, तो.

आई कौतुकाने म्हणाली, "घरात बाळंतीण आहे वाटतं?"

"छे हो वहिनी," सोनार म्हणाला. "आमच्याकडे कुठलं बाळ?"

आई हसली. मीही हसले. पण घरी पोचेपर्यंत तो वास माझ्या पदराला होता.

साखरपुडा चिपळूणला, नम्रताच्या घरी छान झाला; आत्या घरीच राहिली होती. गुरूने अंगठी घातली तेव्हा नम्रता एकदम दचकली आणि खाली, आपल्या मांडीकडे बघायला लागली. मला वाटलं, लाजली. पानं उठल्यावर तिने मला मागच्या पडवीत गाठलं.

"ताई... कसला वास येतो हो इथे? औषधासारखा?"

"येत असेल कसलातरी. अंगठी बसली ना नीट?"

"बसली. पण..." ती बोटाकडे बघत होती. "मधूनच धरते."

"घट्ट होते का?"

"घट्ट नाही. धरते... मग सोडते. मग पुन्हा धरते."

मी तिचा हात हातात घेतला. अंगठी चांगली सैल फिरत होती. पण तिचं बोट गरम लागलं, आणि किंचित ओलं. लहान मुलाच्या मुठीत घाम येतो ना, तसं.

घरी परतलो तर आत्या माजघरात नव्हती. मागच्या वाडीत पोफळींच्या मधून फिरत होती. उन्हं उतरलेली, झावळ्यांची सळसळ चाललेली, आणि त्या सळसळीत तिचा बारीक आवाज. "रघू... रे रघू..."

आईने तिला धरून आणलं. पायरीवर बसवलं. तेव्हा मी पाहिलं, ते ताठ बोट बाकीच्या बोटांबरोबर मिटलेलं होतं. इतक्या वर्षांत प्रथमच.

"वन्सं, काय झालं?"

"माझं बोट सोडलंन गो त्याने," आत्या म्हणाली. रागाने नाही, रडत नाही, हरवलेल्या माणसासारखी. "गेला त्या दिवसापासून धरून होता. झोपेतसुद्धा सोडत नसे. आता... नाहीच."

मी आईला पडवीतलं बोलणं सांगितलं. तिने चिपळूणला निरोप धाडला.

नम्रता दुसऱ्याच दिवशी दुपारच्या एसटीने आली, एकटीच. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने अंगठी काढली आणि आत्याच्या बोटात घातली. आत्या भिंतीला टेकली. बोट सरळ केलंन, मांडीवर ठेवलंन. आम्ही तिघी समोर बसलो. ऊन खिडकीतून सरकत सरकत भिंतीवर चढलं. दिवेलागण झाली. आत्याचं बोट ताठ ठेवून ठेवून थरथरायला लागलं. तरी ती वाट बघत होती.

शेवटी नम्रताच अगदी हळू बोलली. तिचा रिकामा हात तिने पदराखाली धरला होता.

"आत्या... तो माझ्याकडेच आहे."

आत्याने मान हलवली. अंगठी काढून तिच्या बोटात परत घातली, आणि तो हात दोन्ही हातांत घेऊन डोळ्यांना लावला.

"राहू दे. त्याला तुझी सवय झाली." मग थोड्या वेळाने, "झोपेत कूस एकदम वळू नको हो. दचकतो."

लग्नाआधीच आत्या गेली. आजार असा काही नव्हता.

आईच्या हातात तेव्हाही पाटल्या होत्या. आत्या गेल्यावर तिने त्या काढल्या आणि पुन्हा घातल्या नाहीत. "ह्या मोडल्या असत्या तर काय बिघडलं असतं गो माझं?" एवढं एकच वाक्य ती म्हणते. कधी भाजी चिरताना, कधी देवासमोर. दुपारी ती आत्याच्या जागेवर जाऊन बसते, एक बोट पुढे करून. अजून बसते. त्या बोटाला कुणी धरत नाही.

गुरू आणि नम्रता डोंबिवलीला असतात. सुखात आहेत म्हणायला हवं. मूलबाळ नाही. अंगठी तिने कधीच काढून बँकेत ठेवली. आम्ही त्याबद्दल विचारत नाही, तीही बोलत नाही.

पण स्टँडवरून घरापर्यंत ती चालत येते, तेव्हा मी ओटीवरून बघते. लग्नानंतरच्या वर्षी ती एका अंगाला ओणवी होऊन, अगदी हळूहळू चालायची. हात गुडघ्याशी, एक बोट बाहेर. आत्याकडे तो इतकी वर्षं तान्हाच राहिला होता.

परवा दिवाळीला आली, तेव्हा ती ताठ चालत होती. हात कमरेपाशी होता, बोट तसंच बाहेर. आणि मधूनमधून तिला खसकन पुढे ओढल्यासारखं होत होतं.