हरवला : वय वर्षं बावीस

"किशोर बाळा, घाबरू नको. रडू नको. जवळच्या पोलीसकाकांचा हात धर आणि मंदिराच्या पायऱ्यांजवळच्या मदत केंद्रावर ये. तुझी आजी इथंच बसली आहे. आल्यावर तुला खाऊ देऊ."

कौंडण्यपूरच्या कार्तिकातल्या जत्रेत माझा हा पुकारा भोंग्यावरून तीनदा घुमला. आणि पाचव्या मिनिटाला आमच्या मंडपात निळ्या शर्टातला, दाढीवाला, सहा फुटांचा एक माणूस मान खाली घालून शिरला. त्याच्यामागं पंधरा-वीस लोक, नुसते दात काढत.

"मीच किशोर," तो म्हणाला. "रडलो नाही. पण खाऊ भेटत असन तर..."

मदत केंद्रावरचे माझे बाराही पोट्टे हसून हसून लोळायला लागले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता यात माझी चूक किती, ते सांगते. मैनाबाई आजी मंडपात आल्या त्याच पदर डोळ्याला लावून. म्हणाल्या, माहा नातू हरवला व माय, सकाळपासून पोटात घास नाही त्याच्या, गर्दीत त्याले काही सुधरत नाही. असं वर्णन ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर दाढी येईल, सांगा? आमच्या रजिस्टरात वयाचा रकाना होता. तो मीच आखलेला. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही हा नियमही माझाच, पोरांना दिवसातून दहादा ऐकवलेला. आणि आजींचं रडणं पाहून मीच तो रिकामा सोडला.

मी वर्षाली. अमरावतीजवळ माझ्या बाबांची, शेषरावांची, फुलशेती आहे. जत्रेत दरवर्षी आमचं हारांचं दुकान लागतं. सहा वर्षांची असताना मी याच जत्रेत हरवले होते. एका बांगड्यावाल्या मावशीनं मला तीन तास जवळ बसवून घेतलं, हातावर रेवड्या ठेवल्या, आणि बाबा येईपर्यंत माझं बोट सोडलं नाही. तिचं नावही मला माहीत नाही. तिचे उपकार फेडायचे कसे, हे कळत नव्हतं. म्हणून कॉलेजात गेल्यावर आमच्या भागातल्या अभ्यासिकेतले आठवी ते अकरावीचे बारा जण गोळा केले, आणि हरवलेल्यांसाठी मदत केंद्र काढायचं ठरवलं. जत्रा समितीचे देवरावकाका आधी हो म्हणेनात. पोट्टे मोबाईल पाहत बसतील म्हणाले. चार चकरा मारल्यावर मंडप आणि माईक दिला, पण एका अटीवर. एक गडबड झाली की माईक वापस आणि पोट्टे आपापल्या घरी.

गडबड तर झालीच होती. देवरावकाका तणतणत आले आणि त्यांनी पोरांसमोरच मला फैलावर घेतलं. अख्खी जत्रा हसून राहिली म्हणाले. नववीतली प्रणाली रजिस्टर छातीशी धरून रडवेली झाली. महिनाभर तयारी केली होती या पोरांनी, आणि माझ्या एका रिकाम्या रकान्यापायी सगळं जाणार होतं.

तेवढ्यात तो निळा शर्ट मध्ये आला.

"काका, चूक माही हाय. फोन गाडीतच विसरलो, अन् आजीले सोडून भजे खायले गेलो. दीड घंटा धुंडलं तिले, भेटली नाही. या पोरायनं पाच मिनिटांत भेटवली. मंग तुमी रागावता काहून?"

देवरावकाकांनी त्याच्याकडं पाहिलं, आजींकडं पाहिलं, आणि मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटत निघून गेले. माईक वाचला.

मी आभार मानायला तोंड उघडलं, पण निघालं भलतंच. म्हटलं, "भजे खाल्ले? आजी तर म्हणाल्या उपाशी आहे."

"आजी भज्याले जेवण मानत नाही," तो म्हणाला... आणि हसला. हनुवटीवरचा जुना व्रण दाढीतूनही दिसला. मी उगाच माईकची वायर सरळ करत बसले.

तरी त्याची सुटका नव्हती. प्रणालीनं बारीक आवाजात सांगितलं, की हरवलेलं माणूस रजिस्टरात नोंद झाल्याशिवाय सोडता येत नाही. तो मुकाट्यानं उभा राहिला. वय बावीस. गाव अकोटजवळचं. ओळखीची खूण हनुवटीवर व्रण, लहानपणी बोरीवरून पडल्याचा. कोणाच्या ताब्यात दिला, मैनाबाई. नातं, आजी. आजींनी अंगठा दिला, आणि मला म्हणाल्या की इथं बरं करमतं, आम्ही दोन दिवस राहतो.

आणि राहिले की खरंच. रडणारं लेकरू आजींच्या मांडीवर गेलं की दोन मिनिटांत गप्प. किशोर बसून राहणाऱ्यातला नव्हता. तो म्हणाला, आमी अकोटच्या बाजारात कापूस नेतो तं फाटकावरच गाडीले चिठ्ठी लागते. तुमी लेकरू हरवल्यावर धुंडता, पहिलेच चिठ्ठी बांधा ना. मला राग आला. हे मला का सुचलं नाही, याचा. पण संध्याकाळपर्यंत जत्रेच्या तिन्ही वाटांवर माझी पोरं तीन रंगांच्या फिती घेऊन उभी होती, आणि येणाऱ्या प्रत्येक लेकराच्या मनगटावर घरच्यांचा नंबर बांधत होती. जिचा आवाज समोरच्याला ऐकू जायचा नाही ती प्रणाली "ओ मावशी, थांबा" म्हणून गर्दी अडवत होती. या जत्रेत दहीहंडी फुटते, त्या दिवशी नऊ लेकरं हरवली, आणि नऊच्या नऊ पाव तासाच्या आत आपल्या आईच्या कडेवर होती.

फिती कापताना आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. कात्री एकच. ती देता-घेता बोटं लागायची, आणि मग कात्री कुणाकडं आहे हेच दोघांना आठवायचं नाही. बाबांच्या दुकानातून शेवंतीचा वास यायचा. तो मला जन्मापासून ओळखीचा, पण त्या दोन दिवसांत नवाच वाटत होता.

निघताना त्यानं विचारलं, "पुढच्या वर्षी हरवायले येऊ का?"

"वय लिहून या," मी म्हटलं.

मग वर्षभर फोन. त्यानं अकोटमध्ये अकरा पोट्टे जमवले आणि उन्हाळ्यात एसटी स्टँडवर पाणपोई लावली. रांजण कोण भरतं, दुपारच्या पाळीला कोण दांडी मारतं, दहावीतल्या शेखरनं एकट्यानं आठवडा कसा सांभाळला, यावर आम्ही तासतासभर बोलायचो. शेवटचं वाक्य मात्र ठरलेलं. "आजी इचारत होती तुमाले." मी म्हणायचे, आजींना सांगा, मीपण विचारत होते... बस. याच्या पुढं दोघांचीही गाडी जायची नाही. त्यांचं घर कुणब्यांचं, आमचं माळ्यांचं. घरचे काय म्हणतील, हे दोघांनाही पाठ होतं.

यंदाच्या जत्रेला तो आजींना घेऊन आला, आणि पहिल्याच दिवशी मी त्याला सांगून टाकलं, की जत्रा संपली की रविवारी मला पाहायला पाहुणे येणार आहेत. मला वाटलं, आता तरी बोलेल. तो माझ्याकडं पाहत राहिला, ओठ हलले... "बरं," म्हणाला, आणि पाण्याची बादली उचलून चालता झाला. असा राग आला म्हणून सांगू, त्या बादलीत त्याला बुडवावंसं वाटलं. तीन दिवस मी त्याच्याशी फक्त फितींपुरतं बोलले. रात्री उशी ओली व्हायची ते वेगळं.

शेवटच्या दुपारी मैनाबाई आजी काठी टेकत मंडपात आल्या, माझ्यासमोर बसल्या, आणि पदर डोळ्याला लावला.

"माहा नातू हरवला व माय."

"आजी, ते तिकडं पाणी वाटून राहिले. इथून दिसतात."

"थो दिसते. पण हरवेलच हाय, वर्ष झालं. ताटावरून उठते, फोन घेऊन आंगणात हिंडते. त्याले वाटते तुह्या घरी चालणार नाही, तुले वाटते आमच्या घरी चालणार नाही. आमच्या घरचं मी पाहीन. रुक्मिणीमायनं याच गावातून कृष्णाले निरोप धाडला होता. तिनं वाट पाह्यली का कोणाची? कर पुकारा."

प्रणालीनं माईक माझ्यापुढं सरकवला. या एका वर्षात ती फारच आगाऊ झाली आहे.

भोंगा बाबांच्या दुकानावरच बांधलेला होता. मी बोलले की पहिलं त्यांनाच ऐकू जाणार. रविवार डोळ्यांसमोर आला, आणि मी बटण दाबलं.

"एक सूचना... किशोर नावाचा माणूस हरवला आहे. वय तेवीस, उंची सहा फूट, हनुवटीवर व्रण. स्वभाव शांत... नको तितका शांत. वर्षभर रोज फोनवर भेटला, पण हरवलेलाच होता. ऐकत असाल तर मदत केंद्रावर या. इथं तुमची वाट पाहून राहिली आहे... आजी नाही. मी."

तो आला. बादली हातात तशीच, अर्धं पाणी पँटवर सांडलेलं.

"मी 'बरं' म्हटलं त्या दिवशी," तो म्हणाला, "तवापासून झोपलो नाही. मले तुमीच पाह्यजे, वर्षाली. पण तुमच्या बाबायसमोर कोणत्या तोंडानं..."

बाबा त्याच्या मागंच उभे होते. हातात अर्धवट ओवलेला हार, सुई तशीच लोंबत. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. गेल्या वर्षी माझा माईक कुणी वाचवला, हे मी त्यांना शंभरदा सांगितलेलं होतं. जास्तच सांगितलं असणार.

"जेवला का?" बाबांनी विचारलं.

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"मंग चाल दुकानावर. डबा हाय." आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, "रविवारच्या पाहुण्यायले मी फोन करतो. येऊ नका म्हणतो."

मला रडूच फुटलं. मैनाबाई आजींनी आपला पदर माझ्या डोळ्याला लावला. तो अगदी कोरडा होता.

ते दोघं निघणार, तेवढ्यात प्रणाली रजिस्टर घेऊन आडवी आली. नोंद केल्याशिवाय माणूस सोडता येत नाही म्हणाली. वय, गाव, खूण, सगळं तिनं भरून ठेवलं होतं. कोणाच्या ताब्यात, तिथं माझं नाव. फक्त शेवटचा रकाना राहिला होता.

"ताई, नातं?" तिनं विचारलं. "रिकामं नाही सोडता येत."

मी पेन घेतलं. बाबांकडं पाहिलं, ते हारातलं एक फूल नीट करत होते. मी लिहिलं, 'घरची'. खाली सही केली.

मग पोरांसाठी ठेवलेल्या डब्यातून मूठभर रेवड्या काढल्या आणि त्याच्या हातावर ठेवल्या. आल्यावर खाऊ देऊ, असं मी त्याला गेल्या वर्षीच कबूल केलं होतं.